बारशाआधी गेलेली

सुपा, तालुका पारनेर
११ ऑगस्ट १९४६

प्रिय जहिरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील अशी मला भीती वाटते, आणि तसं केलंस तर तुला दोषही देता यायचा नाही. तुझं शेवटचं पत्र येऊन चार वर्षं झाली. त्याला मी उत्तर दिलं नाही. आज लिहिते आहे, कारण आता थांबून चालणार नाही. तुझे चांदमामा अजून नगर-पुणे मोटार चालवतात. सुप्याला चहासाठी थांबले की दवाखान्याच्या ओट्यापर्यंत येतात आणि तुझी खुशाली सांगून जातात. "आमची जहिरा आता हपिसात बसते, मालनबाई. भेटायला गेलो तर म्हणते, मामू, अर्ज आणलाय का?" असं सांगून स्वतःच हसतात. आई आणि मुलांच्या आरोग्यासाठी जी समिती नेमली आहे, तिचे कागद लावायचं काम तुझ्याकडे आहे, हे त्यांच्याकडूनच कळलं. टपालाचा संप मिटला तरी पत्रं अजून वेळेवर पोचत नाहीत, म्हणून हे पत्र आणि सोबतची वही त्यांच्याच हाती देते आहे. बैठक चोवीस तारखेला आहे ना? त्या बैठकीत ठरणार आहे की सुइणींचे वर्ग कुठे काढायचे आणि औजारांचे डबे कोणत्या गावांना द्यायचे. आमच्या भागातली तान्ही मुलं किती मरतात याचा एकच आकडा समितीपुढे आहे. तो आपण दोघींनी एकेचाळीस साली गोळा केलेला आहे. तो आकडा चुकीचा आहे, जहिरा. तो तसाच पुढे गेला तर पाहणीतल्या या बारा गावांना पुन्हा काही मिळणार नाही.

ती पाहणी तू विसरली नसशील. पौष-माघाचे दिवस, बोचरं वारं, आणि आपण दोघी नव्या नर्सा, पायांत कॅनव्हासचे बूट घालून गावोगाव हिंडत होतो. डॉक्टर सबनीस स्वतः सायकलवरून पुढे जायचे आणि पाटलाशी बोलून ठेवायचे. माणूस वाईट नव्हता. कोवळी मुलं सातव्या-आठव्या दिवशी दातखीळ बसून जातात, ती सुइणीच्या विळ्यामुळे आणि नाळेवर लावलेल्या राखेमुळे, असा त्यांचा संशय होता आणि तो बरोबर होता. म्हणूनच त्यांनी आदल्या वर्षी आक्काबाईला आणि आणखी पाच सुइणींना ते पत्र्याचे डबे दिले होते. आत कात्री, उकळलेला दोरा, कार्बोलिकचा साबण आणि धुतलेल्या कापडाच्या घड्या. आता त्यांना वरच्यांना पटवून देण्यासाठी आकडे हवे होते. तक्ता त्यांनी स्वतः आखला होता. मुलाचं नाव, बापाचं नाव, वय, हयात की मयत, आणि मयत असल्यास काय झालं होतं. मागच्या पाच वर्षांत जन्मलेलं प्रत्येक मूल त्यात यायला हवं होतं. मुसलमान मोहल्ल्यातली चौसष्ट घरं तुझ्याकडे आली आणि बाकीची पाचशे वीस माझ्याकडे. आक्काबाई आपली किती थट्टा करायची! पारावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ह्या कागदवाल्या बाया समद्यांची नावं लिवून नेत्यात. सरकार काय एकदम बारसं घालणार हाय का गावाचं?" आपण दोघी पोट धरून हसलो होतो. मी दारात उभी राहून विचारायची, लेकरं किती, त्यांची नावं सांगा. बायका नावं सांगायच्या. देवीने गेलेल्या मुलीचं, विहिरीत पडलेल्या मुलाचं, पटकीने गेलेल्यांचं, सगळ्यांची नावं सांगायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या. मी लिहून घ्यायची आणि पुढच्या दाराशी जायची. मला वाटायचं की काम चोख चाललं आहे.

नगरला परतल्यावर व्हरांड्यात सतरंजी टाकून आपण तक्ते मोजले. बारा दिवसांच्या आत गेलेली मुलं तुझ्या चौसष्ट घरांत नऊ आणि माझ्या पाचशे वीस घरांत चार. डॉक्टरांनी बेरीज तीनदा करून पाहिली. मग ते म्हणाले की दोष सुइणीत नसून घरांत आहे. पडद्यामुळे मोहल्ल्यातल्या खोल्या बंद असतात, वारा नाही, ऊन नाही. तू म्हणालीस, "पण साहेब, मोहल्ल्यात नाळ कापते ती आक्काबाईच आणि गावात कापते तीपण आक्काबाईच. बाई एक, विळा एक." डॉक्टर म्हणाले, आकड्यांपुढे आपलं मत चालत नाही. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलेन असं तुला वाटलं असणार. मी म्हणाले, "खरंच गं, तुमच्या खोल्या कोंदटच असतात." तुमच्या, असं म्हणाले. तोवर चार महिने आपण एका ताटात जेवत होतो. तू तुझे तक्ते एकावर एक रचलेस आणि हळूच विचारलंस, "तुमच्यात मरतच नाहीत का गं मालन?" मी म्हणाले, "चार मेली. लिहिली आहेत ना."

तू नगर सोडून गेल्यानंतर काय झालं ते ऐक. अहवाल वर गेला. बेचाळीस साली डबे परत मागवले, सुइणींचा वर्ग बंद झाला. त्याऐवजी मोहल्ल्यासाठी उर्दूत एक पानाचं पत्रक छापून आलं, खिडक्या उघड्या ठेवा म्हणून. ते वाटायचं काम माझ्याकडे होतं. मोहल्ल्यातल्या हाजराबीने तो कागद उलटसुलट करून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. मी मजकूर सांगितला तेव्हा ती म्हणाली, "खिडकी असती तर उघडलीच असती की, बाई." तिच्या घराला नुसतं दार होतं. त्याच महिन्यात तुझं पत्र आलं. त्यात दोन ओळी खुशालीच्या होत्या आणि एक प्रश्न होता. आक्काबाईचा हात आमच्याच उंबऱ्यात का वाईट होतो, एवढं सांग. मी ते पत्र पेटीत ठेवून दिलं. उत्तर शोधायचं असतं असं तेव्हा मनातच आलं नाही.

आता या ज्येष्ठातली गोष्ट सांगते. मी तीन वर्षांपासून सुप्याला आहे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. बाकी दिवस मी आणि पाण्याचा माठ. रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी खाऊन मुलांची पोटं बिघडतात, ती घेऊन आया येतात. बाळंतपणाला मात्र कुणी बोलावत नाही. फार अडलं तरच बोलावतात. जवळच्या वाडीतली केशरबाई तशी अडली होती. एकेचाळीसच्या तक्त्यात मी तिचं घर लिहिलं होतं, मुलं तीन, हयात तीन, मयत नाही. डॉक्टर सबनीसांनी तेव्हा त्या घराचा दाखला दिला होता, कुडाची भिंत असली तरी सारवलेलं, उजेडाचं घर म्हणून. मी पोचले तोवर उजाडलं होतं. मूल बाहेर आलं होतं, मुलगा होता, चांगला रडत होता. आक्काबाईने नाळ कापली होती. विळा तिथेच पडला होता आणि नाळेवर चुलीतली राख दाबली होती. मी आक्काबाईवर ओरडले. ती म्हणाली, "डबा नेला तवा नाळ काय दातानं तोडायची व्हय गं? घरात जे हाय त्येनंच तोडनार." मी राख धुवून काढली, पट्टी बांधली, आणि नोंदवहीसाठी केशरबाईला विचारलं की हे कितवं बाळंतपण. ती म्हणाली, "सातवं." या बाळाखेरीज घरात मुलं चार होती. मी हिशोब लावत होते. तिनेच सांगितलं, "दोन बारशाआधी गेली की. ती कुटं धरायची?" मी म्हणाले की पाच वर्षांपूर्वी मी विचारलं तेव्हा तू हे सांगितलं नाहीस. माझीच कीव करावी तशी ती बोलली, "तुमी लेकरं किती आन् नावं काय ते इचारलं हुतं. ज्याचं नाव ठिवलं न्हाई, त्येचं काय सांगू?"

सहाव्या दिवशी त्या मुलाने दूध ओढणं सोडलं. मी गेले तेव्हा जबडा मिटला होता. हात लावला की अंग कमानीसारखं वाकायचं. माझ्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं. मी त्याचे ओठ ओले करत बसले. आठव्या दिवशी सकाळी तो गेला. बापाने फडक्यात गुंडाळून बांधावर नेला आणि तासाभरात येऊन बैल जुंपले. कुणी रडलं नाही. शेजारची बाई विस्तव मागायला आली, नेहमीसारखी बोलली आणि गेली. आक्काबाई दारात बसून होती. मला म्हणाली, "मी काय मुद्दाम मारते व्हय गं लेकरं? डबा हुता त्या साली माज्या हातचं योक बी आकडीनं गेलं न्हाई. त्येच्या आदी किती गेली, तुला तर ठावं हाय." मी पिशवी उचलून निघाले. मूल गेल्यापासून चौथ्या दिवशी केशरबाई खुरपायला गेली.

त्यानंतर रोजचं काम आटोपून मी पुन्हा त्या बारा गावांत जायला लागले. पाचशे वीस घरांपैकी चारशे अठ्ठ्याण्णव सापडली, बाकीची पोट भरायला कुठे कुठे गेली आहेत. वर्षं तीच धरली, छत्तीस ते एकेचाळीस. पण या खेपेला लेकरं किती असं विचारलं नाही. लग्नापासून सुरुवात केली. पहिलं बाळंतपण कुठे झालं, माहेरी की सासरी, दुसरं कोणत्या सुगीत, तिसरं कधी, अशी एकेक पायरी उतरत गेले. एका सासूने मला अंगणातून हाकललं, "गेलेल्यांला हाका मारू नगंस, राहिलेली बी जातील." एक सून सासू पाण्याला गेली तेवढ्या वेळात बोटांवर मोजून सांगत होती आणि घागर दारात दिसताच जोंधळ्याचा भाव बोलू लागली. एका घरी पुरुषाने सांगितलं की बायकांच्या गोष्टी घराबाहेर काढायच्या नाहीत, तुम्ही जा. मी निघाले. तो माझ्यामागून गावाच्या वेशीपर्यंत चालत आला, दुसरीकडे बघत "तीन" म्हणाला आणि परत फिरला. असं करत माझ्या घरांमधली अडुसष्ट मुलं निघाली. सगळी बारा दिवसांच्या आतली. बहुतेक दातखिळीने गेलेली. तुझ्या चौसष्ट घरांत नऊ, म्हणजे साधारण सात घरांमागे एक. माझ्या चारशे अठ्ठ्याण्णव घरांत अडुसष्ट, म्हणजे तेही सात घरांमागे एक.

इतकं साधं होतं, जहिरा. तुमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या कानात अजान होते. ते सहा दिवसांत गेलं तरी नाव घेऊन जातं आणि कब्रस्तानात त्याला जागा असते. हाजराबीने तुला सांगितलं होतं, अल्लाबक्ष, सहा दिवसांचा, आणि तू पहिल्या रकान्यात अल्लाबक्ष लिहून पुढे गेलीस. आमच्याकडे बारशाआधी गेलेलं मूल घरात आलेलंच नसतं. त्याचं सुतक कुणी नीट धरत नाही, त्याच्यासाठी आईला रडू देत नाहीत, त्याला माती देऊन आलेला माणूस जागा सांगत नाही. डॉक्टरांनी पहिला रकाना नावाचा आखला आणि ती सगळी तिथेच गळाली. तुझ्या लोकांनी खरं सांगितलं, आणि त्याबद्दल त्यांच्या घरांना नावं ठेवली गेली. त्यात मीही होते.

मी ही वही घेऊन नगरला डॉक्टर सबनीसांकडे गेले होते. आता थकले आहेत, दोन चष्मे लावतात. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले की विचार करून कळवतो. आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. ते चोवीस तारखेला समितीपुढे बोलणार आहेत आणि जुना अहवालच मांडणार आहेत. लिहिलंय की दहा वर्षांपूर्वीच्या बाळंतपणांबद्दल अडाणी बायकांची आठवण पुरावा म्हणून धरता येत नाही. खोदून विचारलं की माणूस विचारणाऱ्याला हवं ते उत्तर देतो. घरात मेलेलं मूल आई मोजत नाही, हे त्यांच्या मनाला पटत नाही. शेवटी एक वाक्य आहे. एकेचाळीस साली ज्या घराचं उत्तर नोंदलं गेलं, त्या घरातली एखादी लिहितीवाचती, जबाबदार बाई सहीनिशी सांगेल की ते उत्तर खोटं होतं आणि ते का खोटं दिलं गेलं, तर गोष्ट वेगळी. अशी बाई या बारा गावांत मिळणार नाही, हे त्यांना माहीत आहे. केशरबाईला अंगठा उठवता येतो. बाकीच्यांचीही तीच गत.

तशी बाई एक आहे, आणि हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे. तक्ता नंबर तीनशे अकरा काढ. घर रंगुबाई शेळके हिचं. तू त्या दिवशी मोहल्ल्यात होतीस, मी त्या घरी एकटी गेले होते. रंगुबाई माझी सासू. मी विधवा आहे एवढंच तुला ठाऊक होतं, कुठल्या गावची ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. सासूने मला गूळपाणी दिलं आणि मी तिला, जशी कुणालाही विचारत होते तशी, लेकरं किती म्हणून विचारलं. तीही परक्या बाईला सांगावं तसं म्हणाली, "ल्योक गेला, सून गेली शिकाया. लेकरू न्हाईच." मी लिहिलं, मूल नाही. छत्तीसच्या भाद्रपदात त्याच घरात मला मुलगा झाला होता. मी सतरा वर्षांची होते. आक्काबाईने नाळ कापली. आठव्या दिवशी त्याचं तोंड मिटलं, नवव्या दिवशी तो गेला आणि त्याच पावसाळ्यात त्याचे वडीलही गेले. तो तक्ता लिहिताना मला खोटं लिहितेय असं एकदाही वाटलं नाही. डॉक्टरांना हे मुद्दाम सांग. शिकलेली नर्स, तीच विचारणारी, उत्तर तिच्या स्वतःच्या अंगावरचं, तरी तिने मूल नाही असंच लिहिलं. व्हरांड्यात तू विचारलंस, तुमच्यात मरतच नाहीत का, तेव्हा तो मला आठवला होता. तो मोजायचा असतो हे सुचलं नाही. तुझ्या पत्राचं उत्तर हे आहे, आणि ते चार वर्षं उशिरा देते आहे. माफी मागत नाही, ती द्यायची की नाही ते तू ठरव. हे पत्र समितीपुढे ठेव, सगळं वाचून दाखवलंस तरी चालेल. माझी नोकरी राहील की जाईल ते मी पाहून घेईन. वहीत अडुसष्टाच्या खाली मी एकोणसत्तरावी ओळ लिहिली आहे. नावाचा रकाना मोकळा आहे. बैठकीत कुणी विचारलं तर नाव ठेवलं नव्हतं म्हणून सांग, पण ती ओळ कुणाला खोडू देऊ नकोस.

तुझीच,
मालन

(सहीसाठी पूर्ण नाव: मालनबाई पुंजाराम शेळके, नर्स, सुपा)